दुसऱ्या टोकाला कोण

मी फक्त संत्र्याचा भाव पाहायला बसलो होतो. रामाकोन्याला आमची थोडी झाडं आहेत, बटईनं दिलेली, आणि आंबिया बहाराचा माल निघायच्या दिवसांत पांढुर्ण्याच्या मंडीत काय चाललं आहे ते रोज पाहायची मला खोड आहे. पाहून काही करायचं नसतं, नुसतं बायकोला, मीनाला, सांगायचं असतं, आणि तिनं "हो का" म्हणायचं असतं. दुपार उतरत आली होती. मीना आत पडलेली, सून शाळेत शिकवायला गेलेली. मी शोधायच्या चौकटीत संत्रा, भाव, पांढुर्णा असं लिहिलं आणि बटण दाबलं, तर पडदाभर माणसं आली. पुरुष. कोणी टाय लावलेला, कोणी मोटारसायकलला टेकलेला, कोणी कुठल्या तरी बगिच्यात छाती काढून उभा, आणि सगळे माझ्याकडं पाहून हसून राहिलेले. वर मोठ्या हिंदी अक्षरांत लिहिलं होतं, पुनर्विवाह के लिए अच्छे रिश्ते. मी पान बंद केलं. पुन्हा संत्रा लिहिलं, पुन्हा तेच हसरे लोक. मला आधी हसू आलं, की बा, संत्र्याऐवजी नवरदेवांची मंडी उघडली. मग माझी नजर कोपऱ्यातल्या नावावर गेली. कॉम्प्युटर प्रफुल्लचा आहे. चालू केला की अजून त्याचंच नाव येतं, ते बदलायचं कोणाच्या हातून झालं नाही. प्रफुल्ल आमचा एकुलता एक, तापाचं निमित्त होऊन नागपूरला नेता नेता गेला त्याला आता चौथं वर्ष लागलं. त्याच्या नावाखाली ते सगळे टाय लावून उभे होते. हसू गेलं. मी खुर्ची सोडून अंगणात जाऊन उभा राहिलो आणि उगाच नळ सुरू करून पाय धुतले.

माझी सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. लाइनमन म्हणून लागलो, लाइन इन्स्पेक्टर म्हणून उतरलो. सौंसर ते मोहगाव, मोहगाव ते जामसांवली, कुठल्या खांबावर माशांचं मोहोळ बसतं आणि कुठल्या खांबाला बैल अंग घासतात ते मला तोंडपाठ होतं. बिघाड शोधायची आमची एक रीत होती. लाइन मेली की या टोकाला बसून डोकं खाजवायचं नाही, थेट मधल्या खांबावर चढायचं, कानाला रिसीव्हर लावायचा आणि दोन्हीकडचं ऐकायचं. जिकडं मुकं, तिकडं बिघाड. आणि या धंद्यानं माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते, की या टोकाला आवाज आला म्हणजे त्या टोकाला कोणीतरी बोललं आहे. तार स्वतःहून बोलत नाही. तेव्हा पाय धुता धुता मी विचार केला तो असाच केला. कॉम्प्युटर आपल्या मनानं लग्न काढत नाही. कोणीतरी मागितलं असेल, म्हणून तो देऊन राहिला. मी मागितलं नाही. मीनाला त्याचं बटणही माहीत नाही. राहिली कोण? सुचिता. माझी सून.

एखादी शंका मनात आली की माणूस म्हणतो, जाऊ दे. मीही म्हणालो. पण मी नळावरच होतो तेवढ्यात ती शाळेतून आली, चप्पल काढली, आत जाऊन चहा ठेवला, आणि मी तिच्याकडं पाहिलं तर ते पाहणंच बदललेलं. इतके दिवस ती घरातून हिंडत असायची, आणि मला जाणवायचं नाही की कोणी हिंडून राहिलं. त्या दिवशी जाणवलं. बाई तिशी ओलांडलेली आहे, अंगानं चांगली आहे, केसांत एकही पांढरा नाही. मूलबाळ झालं नाही. प्रफुल्लचे दिवस झाल्यावर तिचा भाऊ प्रतीक मोहगावहून जीप घेऊन न्यायला आला होता. तिची बॅग भरून ओसरीत ठेवलेली होती. जीपवाला हॉर्न देऊन राहिला होता, मीना भिंतीला तोंड करून बसली होती, आणि सुचिता बाहेर आली ती बॅगेकडं न जाता चुलीकडं गेली आणि तांदूळ धुवायला लागली. प्रतीक थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. आम्ही दोघांनी तो भात खाल्ला आणि धरून चाललो की ठरलं, ही इथंच राहणार. जन्मभर. तिला कोणी विचारलं नाही आणि ती काही बोलली नाही. पुढं तिनं इथल्याच एका खाजगी शाळेत नोकरी धरली. माझी बीपीची गोळी तिच्या हातची, मीनाच्या गुडघ्याचं तेल तिच्या हातचं, लाइटचं बिल, गॅसचा नंबर, सगळं. खरं सांगायचं तर मला तिच्या सुखाची काळजी वाटली नाही त्या संध्याकाळी. मला भीती वाटली. ही गेली तर या घरात दोन म्हातारी माणसं एकमेकांचे खोकले ऐकत बसतील, एवढंच मला दिसलं.

आता कोणी म्हणेल, विचारायचं ना सरळ. आमच्याकडं सासऱ्यानं सुनेला असलं काही विचारायची पद्धत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी ते मीनाला सांगतो आणि मीना तिला सांगते. तिचंही तसंच. माझी चप्पल तुटली आहे हे तिला दिसतं, पण ते मला मीनाकडून कळतं. बोलणं होतं आमचं, नाही असं नाही, पण ते पावसापाण्याचं, शाळेचं, पोस्टमन आला होता का, असं. मनातलं जे काही असेल ते मीनाच्या वाटेनं जातं आणि मीनाच्याच वाटेनं परत येतं. म्हणून मी मीनाला गाठलं. पडद्यावरच्या माणसांचं तिला सांगितलं नाही, ती रडून मोकळी झाली असती. नुसतं म्हणालो, "तिले विचारून पाय, पुढचं काय ठरवलं म्हणून."

"पुढचं म्हणजे कायचं?"

"तू विचार तं खरी. मी विचारून राहिलो म्हणून सांग."

"आता इतक्या दिवसानं काऊन आठवलं जी तुमाले?"

"आठवलं. विचार."

मीनानं दुसऱ्या दिवशी शेंगा निवडता निवडता विचारलं. मी ओसरीत पेपर धरून बसलो होतो, कान आत. "बाई, बाबा विचारून राहिले, पुढं काय ठरवलं तू?" आतून शेंग मोडल्याचा आवाज आला. मग सुचिता म्हणाली, "बाबा म्हणतील तसं." एवढंच. मीना बाहेर येऊन मला तेच तीन शब्द देऊन गेली, वर म्हणाली, "पोर गुणाची आहे."

बाबा म्हणतील तसं. मी ते वाक्य आठवडाभर तोंडात घोळवलं. ज्याच्या मनात काही नाही तो म्हणेल, पुढं म्हणजे काय आई, कशाबद्दल? तिनं ते विचारलं नाही. म्हणजे कशाबद्दल ते तिला ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि माझ्यावर ढकलून मोकळी झाली, लई हुशार. मी गप्प बसलो तर तिचं चालू राहील, मी बोललो तर सासऱ्यानं घालवलं असं होईल. आणि एकदा असं मनात घेतल्यावर मला जिकडं तिकडं पुरावेच दिसायला लागले. ती मोहगावला आईला फोन करायची ती नेहमी ओसरीत बसून, आता गच्चीवर जाऊन करायला लागली. रविवारी मैत्रिणीकडं म्हणून पांढुर्ण्याला गेली, जाताना साधी साडी आणि पिशवीत दुसरी घडी, ती जरीच्या काठाची, मी काठ पाहिला. आली तेव्हा डोळ्यांत काजळ राहिलेलं होतं, पुसल्यासारखं. मला चहा देताना "बाबा, साखर बरोबर आहे ना" असं विचारून गेली, जे ती कधी विचारत नाही. जायच्या आधी माणूस गोड होतं, मी म्हणालो मनात. चहा बरोबर होता, तरी मी अर्धा सांडून दिला.

त्यात कॉम्प्युटर दिवसेंदिवस बिघडत चालला. हवामान पाहायला जावं तर नवरदेव, पेन्शनचं पान उघडावं तर नवरदेव, काही न उघडताही कोपऱ्यातून एखादा डोकं काढायचा. आता मला कळायला पाहिजे होतं की हा रोग आहे. कळलंही, अर्धं. सुचिताच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका छापायला पेनड्राइव्ह बाजारात जाऊन येतो, तिथून काहीतरी घुसलं असेल, असं मी धरलं. पण माणसाचं मन पाहा, मी म्हणालो, रोग आहे तो आहे, पण रोग अंगात असेल तेच बाहेर काढतो. तिनं पाहिलं असेल म्हणूनच त्याला हे दाखवायचं सुचलं. ती घरात नसताना मी कॉम्प्युटरच्या पोटात शिरून मागच्या महिनाभरात कोण काय पाहून गेलं ते धुंडाळलं. आयुष्यभर लोकांच्या तारांवर कान ठेवून कोणाचं बोलणं मनात ठेवलं नव्हतं, आणि घरातल्या पोरीचं धुंडाळून राहिलो होतो. सातवीचा भूगोल, गुडघेदुखीवर व्यायाम, शिक्षक भरती, पुन्हा सातवीचा भूगोल. बाकी काही नाही. म्हणजे पुसून टाकलं असेल, मी म्हणालो.

शेवटी एका सकाळी व्हायरस काढायचं औषध लावून दिलं. ते दुपारपर्यंत चालून राहिलं, ढीगभर घाण सापडली म्हणालं, सगळी काढून टाकली म्हणालं. बंद करून चालू केला. नवरदेव गेले. त्यांच्याबरोबर सगळंच गेलं. एकही पान उघडेना. नुसता पांढरा पडदा आणि त्यावर ओळ, की प्रॉक्सी सर्व्हर उत्तर देत नाही. मोबाइलवर मात्र त्याच वायफायवर सगळं पळून राहिलं होतं. मला बरं वाटलं, कारण हे माझ्या ओळखीचं काम होतं. मधल्या खांबावर चढायचं. हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून बाहेरच्या एका पत्त्याला हाक मारली, तिकडून पटापट ओ आली. म्हणजे तार शाबूत, बाहेरचं जग शाबूत, बिघाड घरातच. मग सेटिंग उघडत उघडत गेलो आणि एका जागी सापडला. प्रॉक्सी म्हणजे मधला. आपण जे मागतो ते थेट बाहेर न जाता आधी त्याच्याकडं जातं, तो पुढं मागतो, आलेलं आपल्याला देतो, आणि मनात येईल ते मधे मिसळतो. व्हायरसनं स्वतःलाच तिथं बसवलं होतं. औषधानं व्हायरस मारला, पण सगळं त्याच्यामार्फत पाठवा हा हुकूम तसाच राहिला. कॉम्प्युटर बिचारा मेलेल्याला विचारून राहिला होता आणि उत्तराची वाट पाहून राहिला होता. तिथल्या चौकटीतली टिकची खूण काढली की काम झालं असतं. मी खुणेवर बाण नेला आणि थांबलो. काढली नाही. राहू दे बंद, मी म्हणालो. तिच्याकडं मोबाइल आहे हे मला समजत नव्हतं असं नाही. पण आपल्या हातानं दार उघडून द्यायचं माझ्या जिवावर आलं.

त्या रात्री जेवताना सुचितानं मला सरळ विचारलं, मीना शेजारी बसलेली असताना, "बाबा, कॉम्प्युटर कधी सुरू होईल?" मी म्हणालो, "काऊन, तुझं काही अडून राहिलं का?" ती म्हणाली, "माझं नाही. तुमचं काम अडलं असेल ना." आणि ताटाकडं पाहत बसली. माझं कायचं काम? मला ते उत्तर आणखीच लबाड वाटलं. रात्रभर मी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झालो.

शुक्रवारी पांढुर्ण्याहून नत्थूजीचा फोन आला. नत्थूजी माझ्याबरोबर खात्यात होता, निवृत्तीनंतर पोरानं त्याला कॉम्प्युटर घेऊन दिला आहे. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "दिलीपराव, तुमाले यातलं कळते म्हणून विचारून राहिलो. माझ्याकडं ते दुसऱ्या लग्नाचं पान येऊन राहिलं. काहीही दाबा, ते नवरदेव. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिले म्हटलं, अवो, आले ते बाप्ये आले, मी काय करू त्याईचं?"

"तुझ्याकडं पण?"

"माझ्याकडं काय, मंडीत ज्याच्या त्याच्याकडं. यशवंतराव अडत्याच्या गादीवर भाव पाहायला गेलो तं तिथंही तेच. त्या रोगाची जातच ती आहे म्हणतात, कोणाचं काही पाहत नाही, सरसकट दाखवते."

मी त्याला खूण कुठं असते ते सांगितलं आणि फोन ठेवून खाटेवर बसलो. क्रॉस कनेक्शन. दोन तारा कुठंतरी एकमेकींना लागल्या की भलत्याच माणसांचं बोलणं आपल्या कानात येतं, त्याचा आपल्याशी काही संबंध नसतो. हे शिकाऊ लाइनमनलाही माहीत असतं, आणि मी इन्स्पेक्टर, इतके दिवस त्यावर सुनेचा खटला चालवत होतो. मला स्वतःची लाज वाटली, पण लाजेपेक्षा आनंद जास्त झाला. ती कुठं जात नाही. तिच्या मनात तसलं काही नव्हतंच. त्या रात्री मी आडवा झालो तो सकाळीच उठलो.

शनिवारी मीना शेजारणींबरोबर जामसांवलीला दर्शनाला गेली. मी अंघोळ करून कॉम्प्युटरसमोर बसलो आणि ती खूण काढली. पानं धडाधड उघडायला लागली. संत्र्याचा भाव पाहिला, खाली आला होता, तरी मला छान वाटलं. सुचिता अर्ध्या शाळेची, दुपारीच आली. मला राहवेना. मीना येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं, पण मी तिला ओसरीतूनच हाक मारली. "सुचिता, झाला बरं का सुरू." ती पिशवी तशीच खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली. मी भरभरून बोललो, तिच्याशी मी आजवर इतकं एका दमात बोललो नसेन. व्हायरस, मधला, नत्थूजीची बायको, अडत्याची गादी. "अन् ते लग्नाचं पान येत होतं ना, पुनर्विवाहाचं, ते सगळ्यांकडंच येऊन राहिलं. त्याले काही अर्थ नव्हता. आपल्या घरातलं कोणी पाहत नव्हतं." असं म्हणून मी हसलो.

ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे तुम्ही नव्हते पाहून राहिले?"

"मी? मी कायले पाहू?"

तिनं पिशवी खाली ठेवली. भिंतीला हात लावून उभी राहिली. "मी एक दिवस शाळेतून आली तर ते पान उघडंच होतं. तुम्ही खुर्ची सोडून अंगणात पाय धूत होते. मला वाटलं, बाबा पाहून राहिले. माझ्यासाठी. मग दुसऱ्या दिवशी आईंनी विचारलं, बाबा विचारून राहिले म्हणून. मी हो म्हणाली ना."

बाबा म्हणतील तसं. तिचा तो होकार होता. ती माझ्याकडं न पाहता बोलत होती, पोरांना धडा सांगावा तशी सावकाश. मोहगावला आईला सांगून बसली होती. आई रडली, चांगलं रडली. पांढुर्ण्याला जाऊन फोटो काढून आली होती, कारण बाबांना मागावा लागला तर त्यांना संकोच होईल. "मला बरं वाटून राहिलं होतं इतके दिवस," ती म्हणाली. "लग्न होवो न होवो. या घरात माझा कोणी विचार करून राहिलं म्हणून." मग म्हणाली, "जाऊ द्या. चहा ठेवते," आणि आत गेली.

मी तिथंच बसून राहिलो. आत गॅस पेटवल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, भांडं नाही, पाणी नाही. ती तिथं नुसती उभी असावी. गच्चीवरचे फोन, जरीचा काठ, काजळ, साखर, सगळं खरं होतं, आणि मी ते सगळं पाहिलं होतं. माझ्या इतक्या दिवसांच्या संशयात तिला सुख होतं, आणि माझ्या एका दुपारच्या आनंदानं ते घेतलं. मला उठून आत जायचं होतं, पण आत जाऊन सासऱ्यानं काय म्हणायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मला रडू येऊन राहिलं होतं आणि ते प्रफुल्लसाठी येतं तसं नव्हतं, वेगळं होतं. मग मी चष्मा पुसला आणि शोधायच्या चौकटीत स्वतःच्या हातानं लिहिलं, एकेक अक्षर शोधून, पुनर्विवाह. या वेळी मधे कोणी नव्हतं. साधं पान उघडलं, कोणी हसत नव्हतं. वर एकच प्रश्न होता, हे नाव कोणासाठी नोंदवता आहात. खाली पर्याय होते, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, मित्र. मी वरून खाली दोनदा पाहिलं. सून नव्हती.

"सुचिता," मी हाक मारली. "इकडं ये."

ती आली आणि खुर्चीच्या मागं उभी राहिली. तिनं पडदा वाचला असेल, कारण तिचा श्वास मला ऐकू आला. मी मुलगी या शब्दावर बाण नेला आणि दाबलं. मला मनातून वाटत होतं की मी फार मोठं काहीतरी केलं.

तिनं वाकून माझ्या हाताखालून माउस काढून घेतला. हळूच, ओढल्यासारखं नाही. मुलगीवरची खूण काढली, पान थोडं खाली सरकवलं. तिथं आणखी एक पर्याय होता, मी तिथवर गेलोच नव्हतो. स्वतःसाठी. तिनं त्यावर दाबलं.

"उठता का बाबा जरा," ती म्हणाली.

मी उठलो, आणि ती बसली.